हॅम रेडिओसाठी पावसाळ्याआधी आदेश काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठका जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाल्या आहेत. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पट्टीचे पोहणारे कोण, जेसीबी कुठे उभे ठेवायचे, याची मोजदाद होते आहे. संपर्क व्यवस्थेच्या पानावर ‘हॅम रेडिओ’ असे लिहून पुढे कोणा ऑपरेटरचे नाव आणि मोबाइल क्रमांक टाकलेला असेल, तर ती नोंद काही कामाची नाही. हॅम रेडिओ म्हणजे हौशी रेडिओ, टॉवरशिवाय एका सेटवरून दुसऱ्या सेटशी थेट बोलणारा; तो चालवणाऱ्यालाही हॅमच म्हणतात. ज्या दिवशी हॅमची गरज पडेल, त्या दिवशी तो मोबाइल लागणार नाही. आम्ही परवानाधारक हौशी रेडिओचालक आहोत आणि हे पत्र एका नेमक्या मागणीसाठी लिहीत आहोत. जिल्हाधिकाऱ्यांनी पाऊस लागण्याआधी हॅम रेडिओबाबत लेखी आदेश काढावा, नियंत्रण कक्षाच्या गच्चीवर अँटेना कायमची बसवून घ्यावी, आणि कोणी कुठे जाऊन बसायचे हे बोलावणे न पाठवताही ठरलेले असावे.

आदेश का लागतो, ते आधी सांगतो. हौशी रेडिओचा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागातली वायरलेस नियोजन व समन्वय शाखा देते. १९७८च्या नियमांनी हॅमने काय बोलावे यावर कडक मर्यादा घातली. तांत्रिक बोलणे, प्रयोगांची माहिती, किरकोळ वैयक्तिक चौकशी, एवढेच. दुसऱ्याचा निरोप तिसऱ्याला पोहोचवणे एरवी चालत नाही. भूकंप, पूर, वादळ, मोठी आग अशा वेळी त्याला मुभा आहे, पण अटीसह. निरोप सक्षम मुलकी अधिकाऱ्याकडून निघालेला आणि सक्षम मुलकी अधिकाऱ्याच्याच नावे असावा लागतो. सक्षम म्हणजे जिल्हादंडाधिकारी, जिल्हाधिकारी, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी. आता पुराने वेढलेल्या गावात कोण असते? तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, फार तर मंडळ अधिकारी. त्यांना अधिकार दिल्याचा कागद नसेल, तर त्यांचा निरोप घेणारा हॅम कायद्याच्या दृष्टीने अधांतरी राहतो आणि तो निरोप हाती पडलेला कक्षातला कारकूनही ‘हा नोंदवू की नको’ म्हणून थांबतो. एका पानाच्या आदेशाने हा प्रश्न मिटतो. अधिकार पदनामाने द्यावा, व्यक्तीच्या नावाने नको, कारण पावसाळ्याच्या तोंडावर बदल्या होतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५च्या कलम ३१नुसार जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचाच असतो. हे पान त्यालाच परिशिष्ट म्हणून जोडता येईल.

किल्लारी (१९९३) आणि भूज (२००१) या दोन्ही भूकंपांत हॅम मंडळी कामाला आली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. पण आमच्या मते सगळ्यांत शिकण्यासारखे उदाहरण अंदमानचे आहे. डिसेंबर २००४मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेले होते, ते जगभरच्या हॅमशी गप्पा मारायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्या पथकाने तोच सेट, तीच अँटेना वापरून मुख्य भूमीशी निरोपांची ये-जा सुरू केली. परवानगी हातात होती, तारा ताणलेल्या होत्या, माणसे जागेवर होती, म्हणून काही तासांत काम सुरू झाले. दुसऱ्या दिवशी बोटीने सेट पाठवू, मग अँटेना उभारू, मग परवानगी मागू, असा क्रम असता तर पहिले दोन दिवस फुकट गेले असते. पहिल्या दोन दिवसांतच संपर्काची खरी निकड असते.

मोबाइल का बंद पडतो, हे ठाऊक असले की हॅमने कुठे बसायचे ते ठरवता येते. टॉवरला वीज नसली की तो बॅटरीवर काही तास निघतो, मग डिझेल जनित्र लागते आणि रस्ता पाण्याखाली असला की डिझेल पोहोचत नाही. टॉवरला जोडणारी फायबर पुलाच्या कडेने गेलेली असते. पूल वाहून गेला की वीज असूनही टॉवर मुका होतो. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. तिसरे कारण गर्दी. टॉवर धडधाकट असतो, पण एका चौकात लाखभर माणसे असली की कॉल लागत नाही. पूर आणि यात्रा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असल्या तरी संपर्काच्या बाबतीत गाठ एकाच अडचणीशी पडते.

हॅम रेडिओ टॉवरवर अवलंबून नाही, पण डोंगरावर मात्र आहे. हातातले सेट बहुधा दोन मीटर बँडवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच, त्या आकड्याच्या वर्गमुळाला ४.१२ने गुणले की सपाट जागी तिचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. छातीशी धरलेला सेट दीड मीटर उंच म्हटला तर क्षितिज पाच किलोमीटरवर. तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, नऊ मीटरवर, बारा किलोमीटर. महाबळेश्वरच्या पठारावर, साधारण साडेतेराशे मीटरवर, दीडशे किलोमीटरच्या घरात. म्हणून पाच वॉटचा सेट दहा वॉटचा केल्याने जे साधत नाही, ते दोन जिने चढून गच्चीवर गेल्याने साधते. शक्ती दुप्पट केली तर समोरच्याच्या सेटवरच्या मापकाचा काटा जेमतेम अर्धी खूण हलतो. सेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना ही सोय आहे, अँटेना म्हणून ती कमजोर असते. सेट कमरेला लावून बोलले तर उरलेसुरले अंगच खाऊन टाकते. सेट तोंडासमोर, उभा धरावा.

डोंगरमाथ्यावर रिपीटर असला की हातातल्या सेटनेही दोन तालुके जोडता येतात. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि ६०० किलोहर्ट्झ सरकून दुसरीवर तेच पुन्हा बोलतो. पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नये. माथ्यावर वीज पडते, पावसात सौर पॅनेल बॅटरी भरू शकत नाही, आणि दुरुस्तीला माणूस वर चढू शकत नाही. म्हणून रिपीटर गेला तर कोणत्या थेट वारंवारतेवर जमायचे, ते आधी ठरवून प्रत्येक सेटच्या पुढच्या चॅनेलवर भरून ठेवावे. आणखी एक बारीक गोष्ट नवशिक्यांना हमखास नडते. बरेच रिपीटर विशिष्ट सूक्ष्म टोन (कानाला न जाणवणारा सूर) आल्याशिवाय उघडत नाहीत. सेटमध्ये तो टोन भरलेला नसेल तर त्या माणसाला सगळे ऐकू येते, त्याचे मात्र कोणालाच ऐकू जात नाही, आणि दोष बॅटरीचा समजून तो बॅटऱ्या बदलत बसतो.

सह्याद्री मध्ये आल्यावर दोन मीटर बँड हतबल होतो. वाशिष्ठीच्या किंवा सावित्रीच्या खोऱ्यातून थेट पुण्याशी बोलायचे तर चाळीस मीटर बँड, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, हाच मार्ग. येथे मुद्दाम अँटेना बुटकी ठेवायची. चार-पाच मीटर उंचीवर आडवी तार ताणली की लहरी जवळपास सरळ वर जातात, आयनमंडलावरून (वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परततात आणि तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात पावसासारख्या खाली पडतात. डोंगर आडवा यायचा प्रश्नच उरत नाही. साहित्य कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार, दोन तुकडे, प्रत्येकी दहा मीटरहून थोडे जास्त कापून मग छाटत आणायचे. मध्ये एकास एक बालन (तार आणि केबल जोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर). मध्यभाग बांबूवर, टोके नायलॉनच्या दोरीने झाडाला किंवा शाळेच्या खांबाला. टोके हाताला लागणार नाहीत अशी बांधावीत, प्रक्षेपणाच्या वेळी तिथे चटका बसेल इतका विद्युतदाब असतो. दिवसा ७.१ चालते. रात्र सरत आली की आयनमंडल विरळ होते, त्या लहरी परत न येता अवकाशात निघून जातात आणि जवळचे केंद्र एकाएकी नाहीसे होते, दूरचे मात्र ऐकू येत राहते. सेट बिघडला असे वाटून कोणी तो उघडू नये. ३.६ मेगाहर्ट्झवर यावे. त्यासाठी तार दुप्पट, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २० मीटर लागते; ती आधीच कापून, गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवावी. आशिया-प्रशांत विभागात आपत्कालीन कामासाठी ३.६००, ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ ही संकेताची ठिकाणे मानली जातात. तिथे कोणाचे आपत्तीचे बोलणे चालू असेल तर बाकीच्यांनी गप्प राहून ऐकावे.

आता जिल्हा नियंत्रण कक्षाकडे येऊ. येथे हॅमला टेबल-खुर्ची देण्याआधी गच्ची द्यावी. दोन मीटरसाठी साधी पाव-तरंगलांबीची अँटेना पुरते: मधला उभा दांडा ४९ सेंटिमीटर, खाली तिरपे चार दांडे प्रत्येकी ५१-५२ सेंटिमीटर, सहा मीटरच्या जीआय पाइपवर. खर्च वाचवायचा तर पाइपात वाचवा, केबलमध्ये नको. बारीक आरजी-५८ केबल पंधरा मीटर टाकली तर १४५ मेगाहर्ट्झला जवळपास निम्मी शक्ती केबलमध्येच मुरते. जाड आरजी-२१३ टाकली तर पावभागच जाते. वरचा जोड हा पावसाळ्यातला सगळ्यांत मोठा शत्रू आहे. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली तर एका पावसात पाणी आत शिरते, जाळीचे तांबे काळे पडते, आणि पुढच्या वर्षी सेट लावला की परावर्तित शक्ती (अँटेनात न जाता सेटकडे परत येणारी) वाढलेली दिसते. आपणच आपल्याला चिकटणारी रबरी टेप लावावी, तिच्यावर साधी टेप, आणि केबल आत घेण्यापूर्वी खाली एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी त्या झोलावरून गळून जाते. मे-जूनच्या वळिवात वापर नसेल तेव्हा केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर अर्थिंगला जोडलेली असावी.

बॅटरीचा हिशेब करूनच ती घ्यावी. पंचवीस वॉटवर बोलताना गाडीत बसवायचा रेडिओ सेट सुमारे सात अँपिअर ओढतो, ऐकताना अर्धा. पाचपैकी एक मिनिट बोलणे धरले तर सरासरी दोन अँपिअरच्या खाली येते. ४२ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले तर दहा-बारा तास निघतात. अशा दोन बॅटऱ्या, एक वापरात आणि एक चार्जिंगला, म्हणजे अखंड काम होते. शंभर वॉटचा एचएफ सेट (चाळीस मीटरसारख्या बँडवर चालणारा) वीस अँपिअर ओढतो; तिथे वायर बारीक असेल तर गंमत होते आणि कारण लवकर सापडत नाही. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तीन मीटर जोडवायरीत वीस अँपिअरला तीन व्होल्ट गळतात. बॅटरी १२.६ दाखवते, सेटला मात्र साडेनऊ मिळतात, आणि बोलायचे बटण दाबले की सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो. कमीत कमी चार चौरस मिलिमीटरची वायर, लांबी शक्य तेवढी आखूड, आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाला, सेटजवळ नको.

एक शत्रू अधिकाऱ्यांना दिसत नाही: विजेचा गोंगाट. कक्षात स्वस्त एलईडी दिवे, यूपीएस, टीव्हीची भिंत, डझनभर चार्जर असतात. चाळीस मीटरवर त्यांची एकत्रित खरखर इतकी असते की शेजारच्या जिल्ह्याचा आवाज बुडून जातो. तारेची अँटेना इमारतीपासून तीसेक मीटर दूर, आवाराच्या कडेला न्यावी आणि एचएफ सेटची जागा कक्षाबाहेर, वाहनतळाच्या शेडमध्ये किंवा शेजारच्या खोलीत द्यावी. कक्षात फक्त दोन मीटरचा सेट ठेवून निरोप कागदावर आत-बाहेर करावेत. अधिकाऱ्यांना हे गैरसोयीचे वाटते, हे खरे. पण खरखरीत बसून अर्धे निरोप गमावण्यापेक्षा वीस पावले चालणे परवडते.

यंत्रे जमली तरी काम अडते ते निरोप नीट न लिहिल्याने. आमचा सगळ्यांत जास्त आग्रह याच गोष्टीसाठी आहे. तोंडी निरोप घेऊ नये. प्रत्येक निरोपाला क्रमांक, प्राधान्य, वेळ, पाठवणाऱ्याचे पद, घेणाऱ्याचे पद, मजकूर आणि सही, असा छापील फॉर्म हवा, प्रत दोन. मजकूर पंचवीस शब्दांत बसवावा. असा निरोप वाचून, परत म्हणवून, चूक दुरुस्त करून दोन-तीन मिनिटे लागतात. म्हणजे एका चॅनेलवर तासाला वीसेक निरोप, त्याहून जास्त नाही. ‘इकडे परिस्थिती फार गंभीर आहे, लवकर मदत पाठवा’ या वाक्याने कोणाचेच काम होत नाही. नमुना म्हणून हे पाहा: “क्रमांक एक-चार. तातडीचा. वेळ एक-सहा-चार-शून्य. मंडळ अधिकाऱ्यांकडून नियंत्रण कक्षाला. पिंपळगाव खुर्द, खुर्द, तालुका अमुक, जिल्हा परिषद शाळेची गच्ची, नदीचा पूर्व काठ. माणसे सहा-नऊ, त्यांत एक गरोदर, नववा महिना. बोट एक, उजेड असताना. संपला.”

यात ‘खुर्द’ दोनदा आहे, ते मुद्दाम. खुर्द आणि बुद्रुक ही जोडगावे अनेकदा नदीच्या दोन काठांवर असतात. हा एक शब्द गाळला की बोट चुकीच्या काठाला लागते आणि मधल्या प्रवाहामुळे तिला परत फिरता येत नाही. वडगाव, शिरगाव, पिंपरी, नांदगाव ही नावे तर जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात. तालुका सांगितल्याशिवाय गावाचे नाव पूर्ण मानू नये. आकडे मराठीत जोडून बोलू नयेत. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी खरखरीत सारखेच ऐकू येतात, सात आणि साठचाही भरवसा नाही. ‘सहा-नऊ’ असे सुटे अंक बोलावेत आणि समोरच्याने तेच सुटे परत म्हणावेत. कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखनाव, अल्फा-ब्राव्होत सांगायचे, पण गावाच्या किंवा औषधाच्या नावातले अक्षर अडले तर ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ हेच तलाठ्याला पटकन समजते. हॅम मंडळी नोंदवहीत आंतरराष्ट्रीय वेळ लिहितात. आपत्तीत ती सवय सोडून भारतीय वेळच, चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी. साडेपाच तासांच्या फरकाने धरणाच्या विसर्गाची वेळ चुकीची वाचली गेली तर काय होईल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

निरोपांना रांग लावणारा एकच असतो, त्याला नेट कंट्रोल म्हणतात. त्याच्या परवानगीशिवाय कोणी बोलत नाही. तो बोलणे संपवून दोन सेकंद थांबतो, त्या पोकळीत तातडीचा माणूस ‘तातडीचा’ एवढाच शब्द टाकतो. सगळ्यांनी बटण सोडताक्षणी दुसऱ्याने दाबले तर ती पोकळी राहत नाही आणि ज्याचा निरोप जिवाचा आहे तोच बाहेर राहतो. औषधांच्या किंवा आश्रय छावणीतल्या सामानाच्या लांबलचक याद्या आवाजाने वाचूच नयेत. लॅपटॉप जोडून अक्षरांच्या रूपात पाठवाव्यात. आणि लक्षात ठेवावे की हे बोलणे उघडे असते, सांकेतिक भाषा वापरायला नियमांची मनाई आहे, रिसीव्हर असलेला कोणीही ऐकू शकतो. मृतांची नावे हॅम रेडिओवरून सांगू नयेत. घरच्यांना ती बातमी कोणाच्या तरी सेटमधून कळणे क्रूर आहे. ते काम पोलिसांच्या वाहिनीवरून किंवा माणूस पाठवूनच व्हावे.

ही शिस्त पुराच्या दिवशी शिकता येत नाही, आणि म्हणून आम्हाला वारी, यात्रा, मॅरेथॉन, सायकल शर्यती महत्त्वाच्या वाटतात. मॅरेथॉनमध्ये फार काही लागत नाही: प्रत्येक पाणपोईवर एक, रुग्णवाहिकेत एक, शेवटच्या धावपटूमागून एक, आणि मध्ये नेट कंट्रोल. पालखी सोहळा मात्र खरी कसोटी आहे. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण करत पंढरपूरला पोहोचते. रोज तळ बदलतो, म्हणजे रोज अँटेना उतरवून पुन्हा उभारायची, रोज बॅटरी भरायची, रोज नव्या भूगोलात आवाज पोहोचतो का ते पाहायचे. दिवे घाटात वळणाखालचा सेट माथ्यापलीकडच्या सासवडच्या तळाशी बोलू शकत नाही. घाटमाथ्यावर एक माणूस पंचवीस वॉटचा सेट आणि उंच अँटेना घेऊन दिवसभर बसला आणि दोन्हीकडचे निरोप पुढे देत राहिला की प्रश्न सुटतो. त्याच्याजवळ पाणी, छत्री आणि बदली माणूस हवा, कारण तो हलला की दोन्ही बाजू तुटतात. दिंड्यांच्या ट्रकांची रांग अडली, वारकऱ्याला चक्कर आली, रुग्णवाहिका गर्दीत रुतली, असे निरोप तेथे खरेच निघतात, त्यामुळे सराव कोरडा राहत नाही. चुकलेल्या मुलांबाबत मात्र एक पथ्य पाळावे: मुलाचे नाव आणि ते कुठे बसले आहे, हे दोन्ही एकत्र हवेत सोडू नये. मदत केंद्राचा नोंदणी क्रमांक तेवढा सांगावा.

वारी किंवा शर्यत ही आपत्ती नव्हे, त्यामुळे निरोपांची ती कायदेशीर मुभा तेथे आपोआप मिळत नाही. प्रशासनामार्फत दूरसंचार विभागाला आधी कळवून, लेखी घेऊनच हे करावे. मोबदला घेता येत नाही, घेऊही नये. आयोजकांच्या प्रायोजकांची, विक्रीची, पाहुण्यांच्या गाड्यांची बोलणी या वारंवारतांवर आली की तिथल्या तिथे नकार द्यावा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७मध्ये आहे. रामकुंड आणि त्र्यंबक यांत तीसेक किलोमीटरचे अंतर, भोवती अंजनेरी-ब्रह्मगिरीचे डोंगर, पावसाळा, आणि पर्वणीच्या दिवशी ठप्प होणारे मोबाइल. २००३च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत भाविक दगावले, हे विसरता येणार नाही. तेथे डोंगरावर रिपीटरची जागा आत्ताच ठरवली, तर पर्वणीआधी पावसाळ्यात तिची परीक्षा घेता येईल.

माणसांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. एका रेडिओ ठाण्यावर एक बोलणारा आणि एक लिहिणारा, आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा माणसे. जिल्ह्याचे ठिकाण आणि चार तालुके धरले तर तीस. इतके सक्रिय हॅम मोजक्याच जिल्ह्यांत आहेत. लिहिणाऱ्याला परवाना लागत नाही, तो महसूल विभागाचा कर्मचारी किंवा एनएसएसचा विद्यार्थी असला तरी चालतो. तेवढ्याने निम्मा भार हलका होतो. तरीही माणसे कमी पडली तर पाच ठिकाणी अर्धवट बसण्यापेक्षा मुख्यालय आणि हमखास तुटणारी दोन गावे, एवढेच नीट चालवावे. बारा वर्षांपुढचा कोणीही परीक्षा देऊ शकतो. परवान्याच्या मर्यादित श्रेणीला मोर्सची (टिंब-रेघांच्या लिपीची) अट नाही आणि अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, आयटीआयनी यात लक्ष घालावे, ही विनंती.

हौसेपोटी ऑनलाइन घेतलेले विनापरवाना वॉकीटॉकी घेऊन मदतीला धावणाऱ्या तरुणांबद्दलही लिहायला हवे. त्यांची कळकळ खरी असते. पण हे सेट हव्या त्या वारंवारतेवर प्रक्षेपण करतात. एका चुकीच्या बटणाने ते पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या चॅनेलवर जातात आणि तिथला निरोप दाबून टाकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५मध्ये अशा ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याचसाठी. ज्यांना परवाना नको त्यांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातले कमी शक्तीचे, मान्यताप्राप्त सेट घ्यावेत. छावणीच्या आवारात, गोदामापासून स्वयंपाकघरापर्यंत, ते छान चालतात.

आदेशात काय असावे, ते थोडक्यात लिहितो. निरोप देण्या-घेण्याचा अधिकार असलेली पदे. हॅमशी बोलणारा एकच नोडल अधिकारी आणि त्याचा पर्यायी. परवान्याची प्रत पाहून पाऊस लागण्याआधी दिलेले ओळखपत्र, ज्यावर नाकाबंदीतून गाडी सोडली जाईल. आणि आपोआप हजर होण्याचा नियम: मोबाइल दोन तास बंद आणि पाऊस चालू, एवढे झाले की ठरलेल्या हॅमने फोनची वाट न पाहता ठरलेल्या ठाण्यावर जायचे आणि ठरलेल्या वारंवारतेवर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटे ऐकायचे.

मग मे महिन्यातला एक रविवार सरावाला द्यावा. कक्षातले मोबाइल आणि इंटरनेट चार तास बंद, मुख्य वीजही बंद. तालुक्यातल्या अधिकाऱ्यांनी वीस निरोप बंद पाकिटात द्यावेत, त्यांत दोन खुर्द-बुद्रुकचे, एक औषधांच्या यादीचा, एक धरणाच्या विसर्गाचा. संध्याकाळी पाठवलेला कागद आणि पोहोचलेला कागद शेजारी ठेवून, किती निरोप शब्दश: जुळले, किती वेळ लागला आणि कुठे अडले, ते मोजून आराखड्याच्या त्याच पानावर लिहावे. यासाठी लागणारे सेट, तारा आणि माणसे आम्ही आमच्या खर्चाने घेऊन येऊ. गच्चीची किल्ली आणि सहीचा कागद तेवढा प्रशासनाने द्यावा.

आपले,
काही परवानाधारक हौशी रेडिओचालक
पुणे आणि सातारा